तार टाकायची तर गोळ्या कशाला?

प्रश्न : मी सेलूचा, वय ५८. एका जिनिंगमध्ये ३४ वर्षं मुनीम आहे. बीपी आणि शुगर दोन्ही आहेत, गोळ्या चालू आहेत. दोन वर्षांपूर्वी कापसाच्या सीझनमध्ये वजनकाट्याजवळ बसलो असताना छातीत एकदम फडफड सुरू झाली, दरदरून घाम फुटला. परभणीला ईसीजी काढला तर 'एट्रियल फिब्रिलेशन' निघालं. इको नॉर्मल, अँजिओग्राफीत ब्लॉक नाही. तेव्हापासून फ्लेकेनाइड १०० सकाळ-संध्याकाळ, मेटोप्रोलॉल ५०, आणि रक्त पातळ राहण्याची अपिक्साबॅन ५ दोन वेळा. वर्ष-दीड वर्ष छान गेलं. आता गेल्या चार महिन्यांत तीनदा त्रास झाला. पण या वेळी ती फडफड नाही. एकसारखी धडधड, मोजली तर १३०. ईसीजी पाहून छत्रपती संभाजीनगरचे डॉक्टर म्हणाले, 'आता हे फ्लटर आहे. मांडीतून तार टाकून जाळून टाकू. पण फ्लेकेनाइड बंद करायची नाही.' आणि रक्त पातळ करायची गोळी जन्मभर! मला हा हिशोब लागत नाही. तारेनं आजार जाणार असेल तर गोळ्या कशाला, आणि गोळ्या घ्यायच्याच असतील तर तार कशाला? मुलगा म्हणतो, दोन्हीकडून बिल काढतात. नांदेडचे साडू म्हणतात, त्यांच्या ओळखीतल्या एकाची तार टाकल्यावर सगळी औषधं सुटली. खरं काय समजायचं?
— एक मुनीम, सेलू, जि. परभणी

उत्तर : मुनीमजी, ३४ वर्षं दुसऱ्याची खतावणी जुळवणाऱ्या माणसाला स्वतःचा हिशोब लागत नसेल, तर आम्हा डॉक्टरांचं समजावणं कुठंतरी कमी पडलं. तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेलं मला बरोबर वाटतं. हे मी नुसतं परभणीत दवाखाना चालवणारा फिजिशियन म्हणून म्हणत नाही. तुमची ती फ्लेकेनाइड मी स्वतः पाच वर्षं खाल्ली आहे आणि तारही टाकून घेतली आहे.

आधी तुमच्या छातीतली फडफड आणि आताची धडधड यांतला फरक बघू, सगळी गोम तिथंच आहे.

हृदयाच्या वरच्या कप्प्यांत फिब्रिलेशन होतं तेव्हा तिथं एक ठोका असा पडतच नाही. पोळ्याच्या मिरवणुकीत कुणीतरी फटाका फोडावा आणि बैलं उधळावीत, प्रत्येक जण वेगळ्या दिशेला, तसं. म्हणून नाडी बेताल लागते, एक ठोका मोठा, दोन बारीक, मध्येच एक गायब. हा फटाका बहुतेक वेळा कुठं फुटतो ते फ्रान्समधल्या बोर्दोच्या मिशेल ऐसागेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवलं. ४५ रुग्णांमध्ये त्यांना ६९ खोडकर जागा सापडल्या, आणि त्यांतल्या ९४ टक्के फुप्फुसांकडून हृदयात येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी, आतल्या बाजूला होत्या. आज फिब्रिलेशनसाठी जी तार टाकतात ती मुख्यतः या शिरांभोवती कुंपण घालण्यासाठी.

फ्लटरची तऱ्हा वेगळी. फ्लटर म्हणजे तेल्याच्या घाण्याचा बैल. एकच लाट, उजव्या वरच्या कप्प्यात, एका झडपेभोवती गोल गोल फिरत राहते. तिच्या वाटेत एक चिंचोळी पट्टी येते. एका बाजूला ती झडप, दुसऱ्या बाजूला पायांकडून रक्त आणणारी मोठी शीर. या पट्टीला आम्ही इस्थमस म्हणतो. बैलाला तिथूनच जावं लागतं, दुसरी वाट नाही. तारेच्या टोकानं त्या पट्टीवर आडवी रेघ भाजली की घाणा थांबला. हे काम फिब्रिलेशनच्या तारेपेक्षा सोपं आहे, डाव्या कप्प्यात शिरावं लागत नाही आणि शंभरात नव्वदहून जास्त लोकांत ते जमतं.

आता तुमचा हिशोब. फ्लेकेनाइडनं काय केलं? उधळलेली बैलं तिनं आवरली, पण ती सगळी मिळून एका घाण्याला लागली. म्हणजे गोळीनं फिब्रिलेशनचं फ्लटर करून टाकलं. हे काही जणांत होतं, डॉक्टरांना ते पूर्वीपासून माहीत आहे, आणि १९९०च्या दशकाच्या अखेरीस त्यातूनच ही जोड उपचाराची कल्पना निघाली. गोळीनं गोंधळाचा एक घाणा केलाय ना, मग तारेनं तो घाणा मोडा आणि गोळी चालू ठेवा. नुसती गोळी ठेवली तर घाणा फिरत राहील. नुसती तार टाकून गोळी सोडली तर घाणा मोडलेला असेल, पण बैलं पुन्हा उधळतील, कारण फटाक्याची जागा तिथंच आहे. म्हणून दोन्ही. तुमच्या भाषेत, एकाच रकमेची दोन बिलं नाहीत ही. दोन वेगळी खाती आहेत.

मेटोप्रोलॉल कुठल्या खात्यात? इथं माझी स्वतःची फजिती सांगतो.

सहा वर्षांपूर्वी जिंतूरला पुतणीचं लग्न होतं. निघताना बॅगेत बघितलं तर मेटोप्रोलॉलची स्ट्रिप संपलेली. फ्लेकेनाइड होती. म्हटलं, मुख्य गोळी आहे ना, दोन दिवसांनी काय होतंय. रुग्णानं असं सांगितलं असतं तर मी त्याला झापलं असतं. दुसऱ्या दिवशी वरातीत बँडवाल्यांनी ताल धरला आणि मीही चार पावलं नाचलो. पाच मिनिटांत डोळ्यांपुढं अंधारी. खुर्चीत बसवलं, नाडी हाताला लागेना इतकी जलद. धाकट्या भावानं मोबाईलवर सेकंद धरून मोजली, दोनशेच्या वर. चाळीसेक किलोमीटर परभणीपर्यंत मी गाडीच्या मागच्या सीटवर आडवा, आणि बायको एकच विचारत होती, 'कामून नाचलात?' अपघात विभागात शॉक देऊन ठोके जागेवर आणले. शुद्धीवर आल्यावर तिथला तरुण रेसिडेंट अगदी अदबीनं म्हणाला, 'सर, मेटोप्रोलॉल शेवटची कधी घेतली होती?' मी छताकडं बघत राहिलो.

झालं होतं ते असं. वरच्या आणि खालच्या कप्प्यांच्या मध्ये एक फाटक असतं, बाजार समितीच्या फाटकासारखं. साध्या फ्लटरमध्ये वरून मिनिटाला तीनशेच्या आसपास गाड्या येतात. फाटकावरच्या माणसाला एवढा वेग झेपत नाही, तो एक सोडतो, एक अडवतो, आणि खाली दीडशे पोचतात. फ्लेकेनाइड त्या गोल फिरणाऱ्या लाटेचा वेग कमी करते, समजा दोनशेवर आणते. ऐकायला चांगलं वाटतं. पण आता गाड्यांमध्ये अंतर पडल्यामुळं फाटकावरच्या माणसाला प्रत्येक गाडी सोडायला फुरसत मिळते, आणि दोनशेच्या दोनशे खाली उतरतात. वरातीत नाचताना तर तो माणूस आणखीच तरतरीत असतो. मेटोप्रोलॉल त्या माणसाला जरा सुस्त ठेवते, म्हणून ती फ्लेकेनाइडची पाठराखीण. तुमची नाडी १३० वर थांबली ती मेटोप्रोलॉलच्या कृपेनं. माझी थांबली नाही. डॉक्टर स्वतः सांगेपर्यंत ती सोडू नका, तार टाकल्यावरही नाही.

आणखी एक, फ्लेकेनाइड शेजाऱ्याला देऊ नका. 'मला लागू पडली, तूही घे' हा आपल्याकडचा मोठा रोग आहे. १९८९ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत दिसलं की हार्ट अटॅक येऊन गेलेल्यांना ठोके सुधारायला ही गोळी दिली तर मृत्यू वाढतात. तुमची इको आणि अँजिओग्राफी आधी करून घेतली ती याचसाठी. तुम्हाला ते फालतू बिल वाटलं असेल तर ते नव्हतं.

आता तिसरं खातं, रक्त पातळ ठेवणारी गोळी. लोक इथं सगळ्यात जास्त चुकतात. फडफडीत डाव्या वरच्या कप्प्याला लागून असलेल्या कानासारख्या पिशवीत रक्त साकळतं, गुठळी होते आणि मेंदूत जाऊन लकवा येतो. ही गोळी ठोक्यांसाठी नसतेच, लकव्यासाठी असते. ती जन्मभर लागणार की नाही हे ठोके नीट झालेत का यावर ठरत नाही, तुमच्या अंगच्या जोखमीवर ठरतं. त्याची गुणपत्रिका आहे. बीपीचा एक गुण, शुगरचा एक, हृदय कमजोर असेल तर एक, ६५ नंतर एक, ७५ नंतर दोन, आधी लकवा येऊन गेला असेल तर दोन, असं. तुमचे आजच दोन भरतात. तार शंभर टक्के जमली तरी ते दोन कुठं जात नाहीत. शिवाय फिब्रिलेशन अनेकदा झोपेत येऊन जातं, माणसाला कळतसुद्धा नाही. तेव्हा जन्मभर म्हणाले ते बरोबर. साडूंच्या ओळखीतल्या त्या माणसाचं वय काय, बीपी-शुगर होती का, त्याला कुठल्या आजाराची तार टाकली, यांतलं काहीच आपल्याला माहीत नाही. त्याची पावती तुमच्या फाइलला लावू नका.

एकादशीचं लिहायलाच हवं, कारण आषाढात दर वर्षी निदान दोन रुग्ण तरी मला ऐकवतात, 'उपास होता म्हणून गोळी घेतली नाही.' अपिक्साबॅनचा जोर एका दिवसात उतरतो. ती उपाशीपोटी चालते, पाण्याचा घोट पुरे. कुणाला रिव्हरॉक्साबॅन असेल तर ती मात्र खाऊनच घ्यायची असते, नाहीतर नीट शोषली जात नाही, तेव्हा भगर-आमटी खा आणि त्यावर घ्या. दाबिगॅट्रानची कॅप्सूल फोडून घ्यायची नाही. विठोबा यातल्या कशावरही रागावणार नाही.

तुमच्या डॉक्टरांना एक प्रश्न मात्र जरूर विचारा. 'फक्त उजवीकडची पट्टी भाजणार, की त्याच वेळी डावीकडच्या शिरांनाही कुंपण घालणार?' माझं मत विचाराल तर हा प्रश्न पैशापेक्षा मोठा आहे. नुसती पट्टी भाजून गोळी चालू ठेवणं हा सोपा, कमी जोखमीचा मार्ग, पण ज्यांना मुळात फिब्रिलेशन होतं त्यांतल्या बऱ्याच जणांत ते पुढच्या काही वर्षांत पुन्हा डोकं काढतं. शिरांचं कुंपणही घातलं तर अधूनमधून येणाऱ्या फिब्रिलेशनमध्ये दहातले सातेक जण पहिलं वर्ष निवांत काढतात. पण जोखीम वाढते. शंभरात एखाद्याच्या हृदयाभोवती रक्त साचतं आणि ते तातडीनं काढावं लागतं. त्याहून कमी जणांना लकवा. मांडीत रक्त साकळून काळं-निळं होणं तर नेहमीचंच. तुमचं वय ५८, हृदय धड आहे. मी तुमच्या जागी असतो तर दोन्ही एकदम करून घेण्याचा विचार केला असता. पण पट्टी आधी, शिरा गरज पडली तर पुढं, असं म्हणणारा डॉक्टरही चूक नाही.

शिरांचं कुंपण घातलं तरी गोळ्या लगेच सुटत नाहीत. भाजलेली जागा सुजते, आणि पहिले काही आठवडे ठोके उगाच बिघडतात. हा काळ पूर्वी तीन महिन्यांचा धरायचे, २०२४ पासून तज्ज्ञांनी तो आठ आठवड्यांवर आणला आहे. या काळातल्या धडधडीवरून 'तार फेल गेली' असं ठरवायचं नसतं. आणि एक गंमत सांगतो. बेल्जियममध्ये दीडशेच्या आसपास रुग्णांवर केलेली एक चाचणी २०१८ मध्ये छापून आली. या सगळ्यांना तारेआधी गोळ्या फेल गेलेल्या होत्या. तारेनंतर निम्म्यांना त्याच गोळ्या पुढं चालू ठेवल्या, निम्म्यांच्या बंद केल्या. वर्षभरात गोळी चालू असलेल्यांपैकी ३ टक्क्यांहून कमी जणांना त्रास परत आला, बंद केलेल्यांपैकी जवळजवळ २२ टक्क्यांना. एकटी असताना हरलेली गोळी तारेच्या जोडीनं जिंकली. अर्थात गोळी बंद करूनही अठ्ठ्याहत्तर टक्के लोक ठीकच होते, हेही त्याच आकड्यांत आहे. म्हणून साडूंची गोष्ट खोटी नसेल.

मुलाचा संशय मी अगदी झटकून टाकणार नाही. नको तिथं तार टाकलेली मी पाहिली आहे. पण तुमच्याकडं पुरावा आहे, त्रास चालू असतानाचे ईसीजी. ते सांभाळा. हा कागद उष्णतेनं छापलेला असतो. आपल्या मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवला की काळा पडतो, आणि लोक प्रेमानं लॅमिनेशन करायला नेतात तिथं तर हमखास जातो. मोबाईलवर फोटो काढून ठेवा. दुसरा सल्ला घ्यायचा तर तो ठोक्यांचंच काम करणाऱ्या डॉक्टराकडं घ्या. हृदयाचे सगळेच डॉक्टर हे करत नाहीत. नळ बघणारा वेगळा, वायरिंग बघणारा वेगळा. सरकारी आरोग्य योजनेत बसतं का ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा, आणि नुसतं 'तार टाकायची' असं न म्हणता डॉक्टरांनी लिहिलेल्या प्रोसीजरच्या पूर्ण नावानं विचारा. पट्टीचं आणि शिरांचं काम वेगळं, त्यांचा खर्चही वेगळा.

दाखल होण्याआधी लिहून मागा, कुठली गोळी कधी बंद करायची. बऱ्याचदा फ्लेकेनाइड काही दिवस थांबवतात, म्हणजे आतल्या वाटा नीट दिसतात. रक्त पातळ करणारी बहुधा थांबवत नाहीत, किंवा एखाद-दुसरा डोस चुकवायला सांगतात. नेमकी हीच अदलाबदल घरी होते, जी थांबवायची ती चालू आणि जी चालू ठेवायची ती बंद. नंतर आठवडाभर उकिडवं बसायचं नाही. घरी कमोड नसेल तर खुर्चीवजा स्टँड आणून ठेवा. गाठोडं उचलणं, किक मारणं बंद. आणि डावीकडचं काम झालं असेल तर पुढच्या दोन महिन्यांत, विशेषतः दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात, ताप आला, गिळताना दुखायला लागलं किंवा बोलणं अडखळलं, तर गावात टायफॉइडची सलाईन लावून घेऊ नका. हृदयाच्या मागंच अन्ननलिका असते, फार क्वचित भाजण्याची झळ तिथं पोचून भोक पडतं. हजारात एखादं किंवा त्याहूनही कमी, पण जिवावरचं. छातीचा सीटी स्कॅन लागतो, आणि तोंडातून दुर्बीण टाकायला ठाम नकार द्यायचा, त्यानं हवा आत जाऊन घात होतो. हे वाक्य कागदावर लिहून फाइलच्या पहिल्या पानाला लावा.

वजन किती आहे हे तुम्ही लिहिलं नाही. गादीवर बसून ३४ वर्षं काढलीत म्हणजे अंदाज येतो. ऑस्ट्रेलियात ॲडलेडमध्ये असं दिसलं आहे की जाड रुग्णांपैकी ज्यांनी दहा टक्के वजन उतरवलं आणि टिकवलं, त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांना गोळी आणि तार यांशिवायच फिब्रिलेशन राहिलं नाही. या गोष्टीचं बिल कुणीच काढत नाही. मुलाला सांगा.


प्रश्न : माझी आई ४९ वर्षांची आहे. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता, त्यानं हृदयाची झडप आखडली. बारा वर्षांपूर्वी फुग्यानं उघडली होती, आता पुन्हा आखडत आली आहे म्हणतात. ठोके बेताल आहेत. रक्त पातळ करणारी असिनोकुमारॉल गोळी चालू आहे आणि रक्त किती पातळ झालं ते बघणाऱ्या आयएनआर तपासणीसाठी दर महिन्याला कंधारहून नांदेडला जावं लागतं, दिवस मोडतो. मेडिकलवाले म्हणाले, ही उंदराच्या औषधातली गोळी आहे, आता तपासणी न लागणाऱ्या नव्या गोळ्या आल्यात. बदलून घ्यावी का? आणि तार टाकून आईचे ठोके कायमचे नीट होतील का?
— एक मुलगी, ता. कंधार

उत्तर : बाई, बदलू नका.

मेडिकलवाले अर्धं खरं बोलले. अमेरिकेत गेल्या शतकात बुरशी आलेला चारा खाऊन गाई रक्तस्रावानं मरू लागल्या. विस्कॉन्सिनमध्ये त्यातला पदार्थ शोधला गेला, आणि त्याच कुळातलं वॉर्फरिन १९४८ मध्ये आधी उंदरांसाठीच बाजारात आलं. १९५५ मध्ये हृदयविकाराचा झटका आलेल्या अमेरिकन अध्यक्षांना, आयझेनहॉवरना, ते दिलं गेलं. आईची गोळी त्याचीच चुलत बहीण. खराब वैरणीतून औषध निघालं याचं आपल्या शेतकऱ्यांना तरी नवल वाटू नये.

नव्या गोळ्या मुनीमजींसारख्यांना चांगल्या. पण झडप मध्यम किंवा जास्त आखडलेली असेल, किंवा धातूची झडप बसवली असेल, तर नाही. सांधेवाताच्या तापानं झडप बिघडून ठोके बेताल झालेल्या साडेचार हजारांवर रुग्णांमध्ये नवी रिव्हरॉक्साबॅन आणि जुनी गोळी यांची तुलना २०२२ मध्ये छापून आली. जुनी गोळी घेणाऱ्यांत मृत्यू कमी झाले, आणि तिनं रक्तस्रावही वाढला नाही. पुष्कळ डॉक्टरांना उलटं वाटत होतं, मलाही.

आयएनआर २ ते ३ मध्ये ठेवायचा. पालेभाज्या बंद करू नका, त्यांचं प्रमाण एकसारखं ठेवा. आपल्याकडं थंडीत करडईची भाजी, मेथी, शेपू, अंबाडी एकदम ताटात येतात आणि आयएनआर खाली जातो. उन्हाळ्यात भाजी महागली की वर. आणि गावात कुणालाही कमरेत सुई मारू देऊ नका. स्नायूत रक्त साकळून लिंबाएवढी, कधी नारळाएवढी गाठ होते. अंगदुखीची गोळीही विचारल्याशिवाय नाही. ठोक्यांसाठी एमिओडॅरोन ही गोळी सुरू केली तर आयएनआर पंधरवड्यात उसळतो, तेव्हा दर आठवड्याला तपासा.

तारेचं म्हणाल तर आत्ता नाही. झडप आखडलेली असताना वरचा कप्पा फुगत राहतो. फुगलेल्या कप्प्यात भाजून काही टिकत नाही. आधी झडपेचं काय करायचं ते ठरवून घ्या. ऑपरेशन करायचं ठरलं तर त्याच वेळी ठोक्यांसाठी कप्प्यात रेघा मारता येतात का ते सर्जनला विचारा.


प्रश्न : मी मुलगी, वय २६, अंबड. वर्षातून चार-पाचदा अचानक १८० ची धडधड होते, तशीच अचानक थांबते. निदान पीएसव्हीटी. डॉक्टर तार टाका म्हणतात. लग्नाचं बघणं चालू आहे, घरचे म्हणतात नुसत्या गोळ्यांवर ठेवू, कुणाला कळायला नको. जन्मभर गोळ्या लागतील का?

उत्तर : वरचं सगळं वाचून घाबरल्या असाल तर ते विसरा. तुमचा आजार वेगळा आहे. यात बहुतेकांना फाटकाजवळ जन्मतःच एक जादा वाट असते, ती भाजली की शंभरात पंचाण्णवहून जास्त जण सुटतात. नंतर गोळी नाही, रक्त पातळ करणंही नाही. फाटकालाच इजा होऊन पेसमेकर लागण्याची शक्यता शंभरात एकाहून कमी. इथं तारेसोबत गोळी लावणं म्हणजे निंदण झालेल्या रानात पुन्हा खुरपं घालणं.

लग्नाआधी करून घ्या असं मी म्हणेन, लपवण्यासाठी नाही. गरोदरपणात हा त्रास वाढू शकतो आणि तेव्हा क्ष-किरण नको असतात.

तोवर धडधड सुरू झाली तर अर्धवट टेकून बसा, १० मिलीची सिरिंज तोंडात धरून तिचा दट्ट्या जेमतेम सरकेल एवढ्या जोरानं १५ सेकंद फुंका, लगेच सपाट आडवं व्हा आणि कुणाला तरी तुमचे पाय १५ सेकंद वर धरायला सांगा. साध्या कुंथण्यानं सहातल्या एकाचे ठोके जागेवर येतात, या पद्धतीनं दहातल्या चौघांचे. एकदा न जमल्यास पुन्हा करा. थांबलं नाही, किंवा चक्कर आली, तर जवळच्या दवाखान्यात जा आणि धडधड चालू असतानाचा ईसीजी मागून घ्या. सिरिंज अर्थात सुईशिवाय.